ध्रुवावरचे जुने रहिवासी

बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. मुंबईच्या नकाशावर ते भलेमोठे दिसते, पण रविवारच्या गर्दीत तेही अपुरे वाटते. आता हा दुसरा आकडा पाहा. अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ एक कोटी चाळीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. या सबंध खंडावर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर उपग्रहाच्या नजरेला दिसेल अशी हिरवळ, दगडफूल आणि बर्फावरचे शैवल किती आहे, याची मोजदाद २०२४ साली प्रसिद्ध झाली. ती भरली ४४.२ चौरस किलोमीटर. एका खंडाची सगळी वनसंपत्ती बोरिवलीच्या उद्यानाच्या अर्ध्या भागात मावेल आणि वर थोडी जागा उरेल.

या चिमूटभर हिरवाईत वृक्ष नाही, झुडूप नाही. फुले येणाऱ्या देशी वनस्पती अवघ्या दोन. एक गवत आणि एक उशीसारखी दाट वाढणारी बुटकी वनस्पती. बाकी सारे राज्य दगडफुलांचे आणि मॉसचे. मॉसच्याच शंभराहून अधिक जाती तिथे नांदतात.

मॉस म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे, कारण आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. विहिरीच्या पायरीवर ज्याच्यामुळे पाय घसरतो ते बुळबुळीत शेवाळ म्हणजे शैवल. आणि पावसाळ्यात जुन्या भिंतीवर, कौलांवर, देवळाच्या दीपमाळेवर जी हिरवीगार मखमल चढते ते मॉस. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘हरिता’ असे सुंदर नाव आहे. शाळेच्या वहीत ‘फ्युनारिया’ची आकृती काढून तिच्या भागांना नावे दिल्याचे अनेकांना आठवत असेल. तो फ्युनारिया याच कुळातला. मॉसला खरी मुळे नसतात, फूल नसते, बी नसते. पाने बहुधा एका पेशीच्या जाडीची. पाणी संपले की ते कुरडईसारखे वाळून कडक होते, प्राण गेल्यासारखे दिसते, आणि थेंबभर पाणी मिळाले की पुन्हा हिरवे होऊन कामाला लागते. त्याचे हे वाळण्याचे कसबच त्याला ध्रुवावर उपयोगी पडले.

ही इवलीशी वनस्पती बर्फाच्या खंडावर आली कुठून आणि केव्हा, हा प्रश्न वरवर पाहता फक्त प्राध्यापक मंडळींच्या जिव्हाळ्याचा वाटेल. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याचे जे उत्तर हाती येत गेले, त्याने या वनस्पतींकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तिथे जाणाऱ्या माणसांनी कसे वागावे, हा प्रश्नही त्यामुळे नव्याने पुढे आला. आणि तिथे जाणाऱ्यांत आपले भारतीयही आहेत.

वारा, पाखरू आणि माशी

मॉस जागा बदलते ते मुख्यतः बीजाणूंच्या रूपाने. हे बीजाणू इतके बारीक की अनेक जातींत एकाची लांबी-रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढीच असते. ते धुळीसारखे हवेत तरंगतात. शिवाय पानाचा किंवा खोडाचा तुटलेला तुकडाही योग्य जागी पडला तर त्यातून नवे झाड उभे राहते.

हे प्रवासी किती चपळ आहेत, याचा एक स्वच्छ दाखला उत्तरेकडे मिळाला. १९६३ च्या नोव्हेंबरात आइसलँडच्या दक्षिणेला समुद्रात ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सुर्त्से नावाचे कोरे करकरीत बेट पाण्यातून वर आले. तिथे आधीचे काहीच नव्हते, त्यामुळे कोण पाहुणा कधी येतो याची नोंद ठेवणे शास्त्रज्ञांना सोपे होते. १९६७ साली तिथे पहिले मॉस सापडले. त्यात एक होता आपला शाळेतला फ्युनारिया आणि दुसरे होते ‘ब्रायम अर्जेंटियम’ नावाचे रुपेरी छटेचे मॉस. हे रुपेरी मॉस जगभरच्या शहरांत फरश्यांच्या आणि फुटपाथांच्या फटींत वाढते. भारतातही ते आहे. आणि तेच अंटार्क्टिकातही आहे. त्याचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

दक्षिण गोलार्धात वारा हे काम कसे करतो, हे २००४ साली माद्रिदच्या वनस्पती उद्यानातले हेसूस मुन्योज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. समुद्रावरच्या वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणाऱ्या एका अमेरिकी उपग्रहाची माहिती त्यांनी घेतली आणि दक्षिणेकडच्या बेटांवरच्या मॉस, दगडफूल आणि नेच्यांच्या याद्यांशी ती ताडून पाहिली. नकाशावर जवळ असलेल्या दोन बेटांवरच्या वनस्पती जितक्या सारख्या निघाल्या, त्याहून जास्त सारख्या निघाल्या त्या वाऱ्याच्या वाटेने जोडलेल्या बेटांवरच्या. म्हणजे या वनस्पतींसाठी अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, वारा कुणीकडून कुणीकडे वाहतो त्यावरून मोजायचे असते. आपल्याकडच्या दर्यावर्दींना हे सांगावे लागणार नाही. शिडाच्या गलबतांच्या काळात मस्कत जवळ की लांब, हे महिना कोणता आहे त्यावर ठरत असे.

वारा सगळे करू शकत नाही. अंटार्क्टिकातल्या मॉसच्या सुमारे ४५ टक्के जाती उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातही आढळतात. दोन्ही टोकांना तीच वनस्पती आणि मध्ये विषुववृत्ताचा उकाडा! हे अंतर तिने ओलांडले कसे? काहींनी पर्वतांचा पायऱ्यांसारखा उपयोग केला, एका थंड शिखरावरून पुढच्या थंड शिखरावर, असे हजारो वर्षे चालत त्या दक्षिणेला पोचल्या. काहींना मात्र पाखरांनी पाठीवर, खरे तर पोटावर घेतले असावे. अमेरिकेतल्या लिली लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक छान काम प्रसिद्ध केले. आर्क्टिक प्रदेशात घरटी करून नंतर दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांची छातीवरची पिसे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पिसांत मॉसचे बीजाणू आणि तुकडे अडकलेले सापडले. या पक्ष्यांत सोनेरी चिखल्याही होता. त्याचाच आशियाई भाऊबंद हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर येतो.

याच मंडळींनी ‘टेट्राप्लोडॉन’ नावाच्या एका विचित्र मॉसचीही वंशावळ शोधली. हे मॉस जनावरांच्या विष्ठेवर वाढते. त्याचे बीजाणू चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. ते वासाने माश्यांना बोलावते आणि माश्या त्याचे बीजाणू दुसऱ्या ताज्या विष्ठेवर नेऊन ठेवतात. अशा घरबशा वनस्पतीची एक जात दक्षिण अमेरिकेच्या अगदी शेवटच्या टोकाला, केप हॉर्नच्या परिसरात आहे, आणि तिचे जवळचे नातेवाईक थेट उत्तर अमेरिकेच्या वायव्येला. मधल्या देशांत कुणी नाही. जनुकांनी सांगितले की हा प्रवास कित्येक लाख वर्षांपूर्वी, एकाच उडीत झाला असावा. माशी एवढे लांब जात नाही. हे काम पाखराचेच.

नकलेतल्या चुका

एवढे हुशार प्रवासी पाहिल्यावर पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी काढलेला निष्कर्ष समजण्यासारखा होता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, अंटार्क्टिकावरचे बर्फ आजच्यापेक्षा जाड होते आणि किनाऱ्यापार समुद्रात पसरले होते. आज उघडी दिसणारी जमीन तेव्हा जवळजवळ सगळीच बर्फाखाली गेली असणार, असे हिशेब सांगत होते. मग तिथे मॉस जगेल कसे? तेव्हा आज दिसतात ते सगळे नंतर आलेले, बर्फ मागे हटल्यावर दक्षिण अमेरिकेहून किंवा जवळच्या बेटांवरून वाऱ्याबरोबर येऊन वसलेले नवे भाडेकरू, असे धरले जात होते.

हे खरे की खोटे ते ठरवायचे कसे? इथे जनुकशास्त्र मदतीला आले. त्याची रीत मला फार ओळखीची वाटते, कारण माझा जन्म बँकेच्या खातेवह्या चाळण्यात गेला. पूर्वी वह्यांच्या हाताने नकला होत. नक्कल करणारा कितीही काळजीपूर्वक लिहिणारा असला तरी कधीतरी एखादा आकडा चुकतो. मग त्या वहीवरून जी पुढची वही उतरवली जाते तिच्यात ती चूक जशीच्या तशी जाते, शिवाय तिची स्वतःची एखादी नवी चूक भरीला पडते. दोन वह्यांत तीच चूक सापडली की दोघींचे मूळ एक, हे तपासनीस डोळे मिटून सांगतो. आणि दोन वह्यांत फरक जितके जास्त, तितका त्यांना वेगळे होऊन जास्त काळ झाला.

पेशीतला डीएनए ही अशीच चार अक्षरांत लिहिलेली वही आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. अंटार्क्टिकातले मॉस आणि बाहेरचे मॉस यांची ही अक्षरे शेजारी शेजारी मांडली तर दोन गोष्टी कळतात. एक, ते कोणाच्या घराण्यातले आहे. दोन, घराण्यातून फुटून अंदाजे किती काळ झाला.

हे काम वाटते तितके सरळ नव्हते. १९९० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मॉसवर जे पहिले जनुकीय अभ्यास झाले, त्यांत एकाच गुच्छात प्रचंड विविधता असल्याचे आकडे आले. काहींना ते पटेनात. बहुतेक जागी हे मॉस बीजाणूही धरत नाही, तुकड्यांतूनच वाढते. म्हणजे एक गुच्छ ही बहुधा एकाच झाडाची प्रतिकृती असायला हवी. मग एवढी विविधता आली कुठून? २००७ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी त्यातली मेख दाखवून दिली. मॉसच्या पानांवर आणि पानांत बुरशी आणि जिवाणू राहतात, आणि त्या जुन्या पद्धतीत त्यांचाही डीएनए मॉसच्या खात्यावर जमा होत होता. पुढे पद्धती सुधारल्या. मॉसचाच म्हणून ओळखता येईल असा ठरावीक मजकूर तेवढा वाचायचा, अशी शिस्त आली.

आणि या शिस्तीने वाचल्यावर निघालेले उत्तर जुन्या समजुतीला धक्का देणारे होते. सुर्त्से बेटावर चार वर्षांत पोचलेले ते रुपेरी मॉस, ब्रायम अर्जेंटियम, घ्या. इतका चपळ प्रवासी अंटार्क्टिकातही कालपरवाच आला असेल, असे कुणालाही वाटावे. पण २०१० आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी सांगितले की अंटार्क्टिकातल्या त्याच्या घराण्यांची अक्षरे बाहेरच्यांहून वेगळी आहेत, आणि हा वेगळेपणा वीस हजार वर्षांत साचण्यासारखा नाही. ते तिथे एकदा नव्हे, वेगवेगळ्या काळी अनेकदा पोचले, आणि पोचल्यावर हिमयुगे अंगावर झेलत तिथेच राहिले. ‘शिस्टिडियम’ या गटात अंटार्क्टिकातल्या सर्वांत जास्त मॉस जाती आहेत. त्याचा अभ्यास ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेशी संबंधित एलिझाबेथ बिअर्स्मा, पीटर कॉन्वे आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडला. त्यातही हाच निष्कर्ष निघाला. ही घराणी लाखो वर्षे तिथली आहेत.

सगळेच असे जुने रहिवासी नाहीत, हेही सांगायला हवे. ‘कोरिसोडोन्शियम’ नावाचे जाड गादीसारखे वाढणारे एक मॉस आहे. त्याची अंटार्क्टिकातली आणि दक्षिण अमेरिकेतली अक्षरे जवळजवळ सारखीच निघाली. ते बहुधा अलीकडे आलेले असावे, अलीकडे म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने. म्हणजे या खंडावर जुने वतनदार आहेत आणि नंतर आलेले बिऱ्हाडकरूही आहेत. कोण कोणता, हे वरून पाहून कळत नाही. दोघांचाही हिरवा रंग तोच. ते फक्त त्यांच्या वहीत लिहिलेले असते.

बर्फाखालची झोप

जुने वतनदार हिमयुगात राहिले कुठे, हा पुढचा प्रश्न. एक उत्तर ज्वालामुखींजवळ मिळते. अंटार्क्टिकात माउंट एरेबस, माउंट मेलबर्न असे ज्वालामुखी आहेत. त्यांच्या उतारांवर गरम वाफेची भोके आहेत आणि त्यांच्या कडेची माती चक्क ऊबदार असते. आजही तिथे मॉस वाढते, भोवती सगळे गोठलेले असताना. २०१४ साली केरिडवेन फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी खंडभरच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. ज्वालामुखीच्या जवळच्या प्रदेशात मॉसच्या आणि इतर वनस्पतींच्या जाती जास्त, आणि जसजसे दूर जावे तसतशा कमी, असे चित्र निघाले. हिमयुगात या ऊबदार जागांनी आसरा दिला आणि बर्फ हटल्यावर जीवन तिथून हळूहळू पसरले, असा त्याचा अर्थ.

दुसरे उत्तर आणखी नवलाचे आहे. मॉस झोपून राहू शकते. साउथ ऑर्कनी बेटांपैकी सिग्नी बेटावर मघाच्या कोरिसोडोन्शियमचे थर शतकानुशतके एकावर एक साचलेले आहेत. वरचा थर जिवंत, खालचा कायमचा गोठलेला. शास्त्रज्ञांनी तिथे खोल भोक पाडून थरांचा एक दंडगोल काढला, त्याचे काप केले आणि त्यांना उजेड आणि ऊब देऊन ठेवले. काही आठवड्यांत खालच्या कापांतूनही हिरवे अंकुर फुटू लागले. वरून एक मीटरपेक्षा जास्त खोल असलेल्या आणि दीड हजाराहून अधिक वर्षे वयाच्या थरातूनसुद्धा. २०१४ साली ही बातमी प्रसिद्ध झाली. ते मॉस हिरवे होते तेव्हा आपल्याकडे वाकाटकांचे राज्य होते.

त्याआधी एक वर्ष, २०१३ साली, कॅनडाच्या कॅथरिन ला फार्ज यांनी उत्तर ध्रुवाकडची अशीच गोष्ट सांगितली होती. एल्समिअर बेटावर टिअरड्रॉप नावाची एक हिमनदी आहे. ती मागे हटते आहे आणि तिच्या पोटाखालून सुमारे चारशे वर्षांपूर्वी दबलेले मॉस उघडे पडते आहे. त्या काळवंडलेल्या मॉसमध्ये मधेच हिरवी छटा दिसल्याने त्यांनी नमुने प्रयोगशाळेत नेले, बारीक करून लावले, आणि त्यांतले काही उगवले. मॉसच्या साध्या पेशीतही पुन्हा पहिल्यापासून सबंध झाड उभे करण्याची ताकद असते, ती अशी कामाला येते.

आमच्या धंद्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षे कुणी फिरकले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. खातेदार किंवा त्याचा वारस नंतरही येऊन मागू शकतो, पण कागदपत्रे जमवताना त्याची दमछाक होते. दीड हजार वर्षांनी येऊन सही न बदलता खाते चालू करणारा खातेदार माझ्या ऐकिवात हाच पहिला.

बुटाला लागलेली माती

आता कुणी म्हणेल, जी वनस्पती वाऱ्यावर समुद्र ओलांडते, पाखराच्या पिसात बसून विषुववृत्त पार करते, दीड हजार वर्षे झोपून उठते, तिची काळजी आपण कशाला करायची? ती आपल्याला पुरून उरेल.

काळजी करायची ती याच जनुकांच्या साक्षीमुळे. एखादे घराणे एका दरीत लाखो वर्षे राहिले असेल आणि ते नाहीसे झाले, तर बाहेरून दुसरे मॉस कदाचित येईल, पण ते नाहीसे झालेले घराणे येणार नाही. थंडी, वारा, कोरडेपणा आणि महिनोन्‌महिन्यांचा अंधार सोसण्याची जी जुळवाजुळव त्याच्या वहीत झाली होती ती गेली ती गेली. आणि जिथे वाढ बीजाणूंशिवाय, तुकड्यांतूनच होते, तिथे एका पट्ट्यातली झाडे बहुधा एकाच सहीची असतात. त्या पट्ट्यावर संकट आले तर सगळ्यांवर सारखेच येते. बचाव करणारा एखादा वेगळा भाऊ घरात नसतो.

संकट येते आहे, याची खूण पूर्व अंटार्क्टिकात ऑस्ट्रेलियाच्या केसी स्थानकाजवळ दिसली. तिथे मॉसचे मोठे गालिचे आहेत. वोलोंगाँग विद्यापीठातल्या शॅरन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालापासून त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१८ साली त्यांनी सांगितले की अवघ्या तेरा वर्षांत तिथले चित्र पालटले. हा भाग वाढत्या वाऱ्यामुळे कोरडा होत चालला आहे. फक्त अंटार्क्टिकातच सापडणारे, पाण्याची आवड असलेले एक शिस्टिडियम मागे पडले आणि कोरडे सोसणाऱ्या, जगभर पसरलेल्या दोन जातींनी त्याची जागा घ्यायला सुरुवात केली. अनेक हिरवे गालिचे आधी लाल, मग करडे झाले. लाल रंग हा मॉसने उन्हापासून केलेला बचाव असतो आणि करडा ही पुढची पायरी. याच भागातल्या मॉसची वाढ मोजायला १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत सोडलेल्या कार्बनचा उपयोग झाला. त्या वर्षांची खूण मॉसच्या काडीत उमटलेली आहे. तिथपासून टोकापर्यंत मोजले की वाढीचा वेग कळतो. तो निघाला वर्षाला फार तर तीन-साडेतीन मिलिमीटर, कुठे कुठे मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. अशा गालिच्यावर माणसाचे एक पाऊल पडले तर त्याचा ठसा वर्षानुवर्षे राहतो.

दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेकडे तोंड केलेल्या अंटार्क्टिक द्वीपकल्पावर, उलटे घडते आहे. तिथे हिरवाई वाढते आहे. उपग्रहाच्या चित्रांत १९८६ साली ती एक चौरस किलोमीटरहूनही कमी होती, २०२१ साली जवळजवळ बारा. बातमी वाचून आनंद व्हावा अशीच आहे. झाडे लावा म्हणून आयुष्यभर ऐकलेल्या आपल्याला हिरवे वाढले याचे वाईट कसे वाटणार? पण ही वाढ तापत्या हवेची आहे. मॉस आधी माती तयार करते आणि मातीत मग बाहेरचे गवत रुजते. एक युरोपीय गवत तिथल्या एका पोलिश स्थानकाजवळ १९८५ सालापासून ठाण मांडून बसले होते. ते काही वाऱ्याने आलेले नव्हते. माणसाबरोबर आले.

माणूस हा आता वारा आणि पाखरू यांच्या जोडीला तिसरा वाहक झाला आहे, आणि तो दोघांपेक्षा वेगवान आहे. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकाला जाणाऱ्या माणसांचे कपडे, पिशव्या, बूट यांतून चक्क व्हॅक्यूम क्लीनरने बिया गोळा करण्यात आल्या. सरासरी माणशी साडेनऊ बिया निघाल्या. आणि माणशी हिशेब केला तर पर्यटकांपेक्षा शास्त्रज्ञांच्या सामानात जास्त निघाल्या. साहजिक आहे. पर्यटक नवे कपडे घालून जातो, शास्त्रज्ञ मात्र डोंगरदऱ्यांत वर्षानुवर्षे वापरलेले जुनेच बूट. बीजाणू तर बियांपेक्षा कितीतरी बारीक. ते मोजायचे म्हटले तरी मोजता येणार नाहीत.

यात एक धोका सहज ध्यानात येत नाही. परदेशी गवत आले तर ते निदान डोळ्यांना दिसते. पण एका दरीतला चिखल बुटाला लागून पुढच्या दरीत गेला आणि त्यातून तीच जात, पण वेगळे घराणे, तिथे रुजले, तर कुणाला पत्ताही लागणार नाही. लाखो वर्षे वेगळ्या राहिलेल्या दोन वह्यांची पाने एकमेकींत मिसळली जातील. मग कोण जुना, कोण नवा, हिमयुगात कोण कुठे तगले, हे कधीच वाचता येणार नाही. म्हणूनच अंटार्क्टिक करारातल्या देशांनी या खंडाच्या बर्फमुक्त जमिनीचे जैवभौगोलिक दृष्टीने आज सोळा विभाग मानले आहेत. एका विभागातून दुसऱ्यात जातानाही बूट आणि साहित्य स्वच्छ करूनच जावे, असा त्यामागचा आग्रह आहे.

आपला या सगळ्याशी संबंध आहे तो असा. ६ डिसेंबर १९८१ रोजी पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. नेतृत्व डॉ. एस. झेड. कासिम यांचे. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही आज गोव्यात वास्कोलाच आहे. दक्षिणेला ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली दोन स्थानके आहेत, उत्तरेला स्वालबार्डमध्ये २००८ पासून ‘हिमाद्री’. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ दोन्ही उभी आहेत ती त्या दुर्मिळ बर्फमुक्त जमिनीवर, म्हणजे जिथे मॉस वाढू शकते नेमकी तिथे. २०१६-१७ च्या मोहिमेत ‘भारती’जवळ गोळा केलेल्या मॉसच्या डीएनएचा पंजाबातल्या केंद्रीय विद्यापीठात काही वर्षे अभ्यास झाला आणि २०२१ साली त्याला नवी जात म्हणून जाहीर करून ‘ब्रायम भारतीएन्सिस’ असे नाव देण्यात आले. स्थानकाच्या नावावरून मॉसला नाव मिळाले. त्या मॉसच्या शेजारी राहण्याची रीत पाळण्याची जबाबदारीही त्याबरोबर आलीच.

पर्यटकांचा आकडाही आता हंगामाला एक लाखाच्या पुढे गेला आहे, आणि त्यांत मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या सहलींतले मराठी लोकही असतात. मुले परदेशी स्थिरावलेली, निवृत्तीची रक्कम हाती आलेली, अशा जोडप्यांना सातवा खंड पाहण्याची हौस वाटावी, यात वावगे काही नाही. तिथे बोटीवरून उतरण्याआधी बूट जंतुनाशकाच्या पाण्यात घासायला लावतात, जाकिटाचे खिसे उलटे करायला लावतात, पट्ट्याच्या काटेरी कापडात अडकलेले कुसळ चिमट्याने काढायला लावतात. परत आलेली मंडळी हा प्रकार गमतीने सांगतात, थोडी कुरकुरही करतात. कुणी जाणार असेल तर हे काम घरूनच करून निघावे. सिंहगडावर किंवा राजमाचीला वापरलेले बूट असतील तर तळव्यांच्या खाचा जुन्या दातघासणीने खरवडाव्यात, पिशवीच्या शिवणी झटकाव्यात. फार तर अर्धा तास लागेल. आणि किनाऱ्यावर उतरल्यावर वाटाड्याने आखून दिलेल्या खुणांच्या बाहेर, काळ्या खडकावर हिरवा किंवा लालसर पट्टा दिसला, तर त्याला वळसा घालून जावे.